नोव्हायच्या घरातली बारावी

माझी नात कामावरून आली ती ओठ फुटून. दुपारची वेळ, मी मेथी निवडत बसले होते. गॅरेजच्या दारातून आत आली, बूट काढले आणि सरळ सिंकमध्ये थुंकली. रक्तच. वरचा ओठ इतका सुजला होता की माझ्याकडे बघून हसली तर एकाच बाजूनं हसली.

"कुणी मारलं गं?"

"पेशंटनं. इट्स फाइन, आजी."

फाइन म्हणे! मी मेथी तशीच टाकून उठले.

आता आधी हे सांगायला हवं की ही पोरगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, आणि तिला डॉक्टर व्हायचंय. अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षं साधं कॉलेज, मग प्रवेशपरीक्षा, मग मेडिकल. ही जी मधली पोरं असतात ती स्वतःला प्री-मेड म्हणवतात. त्यांना मार्क पाहिजेत, शिवाय दवाखान्याचा अनुभवही पाहिजे. म्हणून ही शनिवार-रविवार इमर्जन्सीत जायची. डॉक्टर पेशंट तपासतात तेव्हा शेजारी उभं राहून सगळं कॉम्प्युटरवर टिपून घ्यायचं, असं काम. त्या दिवशी एक दारू प्यायलेला माणूस आणला होता. दोन गार्डांनी धरलेला. एक हात सुटला, त्यानं स्टीलचा ट्रे उचलला आणि फिरवला. लागला हिच्या तोंडाला.

"मग तू काय केलंस?"

"टाइप करत होते."

"रक्त गळत असताना?"

"नर्सनं गॉझ दिला ना. नोट कम्प्लीट करायची होती."

तेवढ्यात जावई खाली आले. घरूनच काम करतात, गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आहेत. त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "दात हलतोय का? नाही ना? मग बर्फ लाव आणि बस अभ्यासाला. सोमवारी ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर आहे."

ती बर्फाची पिशवी घेऊन वर गेली.

मी काही मारामारीला घाबरणारी बाई नाही, बरं का. माझं माहेर इचलकरंजीत, वडिलांची पिठाची गिरणी, आणि गिरणीसमोर देशी दारूचं दुकान. सायकलच्या चेनीनं डोकी फोडलेली मी परकर-पोलक्याच्या वयात बघितली आहेत. शाळा लवकर सुटली, वाचायला शिकले ते पीठ बांधायला आणलेल्या रद्दीवर. पण मार खाल्लेलं माणूस ओरडतं, शिव्या देतं, दुसऱ्या दिवशी चौकात तेच तिखटमीठ लावून सांगतं, एवढं मला माहीत होतं. मार खाऊन "नोट कम्प्लीट करायची होती" म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. त्याचीच मला भीती वाटली.

आमच्या घरात काय चाललं होतं ते तुम्हाला लगेच कळेल, कारण तुमच्याही घरात कधीतरी ते झालेलं असणार. बारावी. जावई पुण्याचे. त्यांच्या बारावीला त्यांच्या घरचा टीव्ही माळ्यावर गेला होता, पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावत, आणि म्हातारे आजोबा खोकायला गच्चीवर जात. त्यातून ते इंजिनियर झाले, अमेरिकेला आले, घर झालं. त्यामुळे पोरगी डॉक्टर व्हायचं म्हणाली त्याच दिवशी ते म्हणाले, "चला, म्हणजे आता आपल्याकडे बारावी."

आणि ती जी सुरू झाली ती संपेचना! टीव्ही बेसमेंटमध्ये, कानाला हेडफोन लावून. मिक्सर ती कॉलेजात असतानाच लावायचा. तिचं लेझीम पथक बंद, मैत्रिणींकडे जाणं बंद. गणपतीची आरती आम्ही कुजबुजत म्हणायचो, टाळ्यासुद्धा बोटांनी. आणि पाहुणे? पाहुण्यांना गॅरेजमध्ये बसवायचे. खरं सांगते. आमचं गाव नोव्हाय, मिशिगनमधलं. तिथल्या थंडीत, एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला बर्फ काढायचं यंत्र, मध्ये घडीच्या खुर्च्या, आणि लोक कोट घालून चहा पितायत. एकदा एक नागपूरचे गृहस्थ म्हणाले, "काकू, पुढच्या वेळी गाडीतून उतरतच नाही आम्ही, खिडकीतून चहा द्या." सगळे हसले, तर माझी मुलगी तोंडावर बोट ठेवून वर बघायला लागली.

त्या ओठाच्या प्रकारानंतर मी कान देऊन राहायला लागले. तिची खोली माझ्या खोलीला लागून. दुपारी भिंतीपलीकडून आवाज यायचा. थाड. थोडा वेळ शांत. परत थाड. मला वाटलं पुस्तकं आपटते. एकदा न राहवून दार उघडलं, तर ही टेबलाशी बसून स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतेय. पूर्ण हात मागे नेऊन. गालावर बोटं उमटलेली.

"अगं! काय चाललंय?"

"झोप येते, आजी."

"मग झोप ना!"

"झोपले तर मागे पडेन."

मी तिचे हात धरले. तिनं असा हिसडा दिला की मी कपाटावर जाऊन आदळले. खांदा ठणकायला लागला. ती माझ्याकडे बघत राहिली, पण उठली नाही. आधीची असती तर धावत आली असती. मी मुलीला सांगितलं, जावयांना सांगितलं. ते म्हणाले, "आई, शेवटचा टप्पा आहे. सगळ्यांचंच असं होतं."

त्यानंतरचा एक रविवार. रात्रभर बर्फ पडून सकाळी ऊन आलेलं. जावई ड्राइव्हवेवर फावड्यानं बर्फ ओढत होते, गाडी बाहेर काढून ठेवलेली. मी गॅरेजच्या तोंडाशी उन्हाला उभी. नात बाहेर आली, पायात नुसते मोजे.

"बाबा, मला ब्रेक हवाय. मी मेडिकलची एक्झाम पुढच्या वर्षी देते."

जावयांनी फावडं बर्फात खोचलं. "ड्रॉप घेणार? तू?"

"ड्रॉप नाही. गॅप इयर. इथं सगळे घेतात, बाबा!"

"नाव बदललं म्हणून वर्ष परत येत नाही. मी माझ्या आईवडिलांना काय सांगू? पोरगी बसली नाही परीक्षेला?"

"बाबा, आय कान्ट. माझ्याच्यानं होत नाहीये."

"होत नाही म्हणजे काय? तुला जेवणाचं ताटसुद्धा उचलावं लागत नाही. तुझ्यासाठी या घरात कुणी मोठ्यानं श्वास घेत नाही!"

तिनं ते फावडं उपसलं आणि गाडीच्या काचेवर घातलं.

पहिल्या घावाला काचेवर नुसतं जाळं उठलं. दुसऱ्याला काच आत गेली. मग ती थांबेचना. आरसा तोडला, बॉनेटवर घाव घातले, दिवे फोडले. तोंडातून शब्द नाही, नुसता जनावरासारखा आवाज. माझी मुलगी दारातून किंचाळली. जावयांनी मागून कवळ घातली तर हिनं कोपरानं त्यांचं नाक फोडलं. त्यांनी हिला फिरवलं आणि खाडकन मुस्कटात मारली. उभ्या जन्मात त्यांनी तिला बोट लावलं नव्हतं. ओठाची ती जखम भरत आली होती, ती परत फुटली. बर्फावर दोघांचं रक्त. तिनं फावडं दोन्ही हातांनी वर उचललं, आणि ते बापाच्या डोक्यावर येतंय हे मला स्वच्छ दिसलं. मी मध्ये गेले. हात आडवा घातला.

मनगटात कट् असा आवाज आला. दुखलं नंतर.

फावडं पडलं. आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. ती गुडघ्यावर बसली, माझा हात खालून अलगद धरला आणि एकदम वेगळ्याच, शांत आवाजात म्हणाली, "आजी, हलवू नकोस. फक्त बोटं हलव. हं. नख दाबते, बघू रंग परत येतो का. येतोय. मम्मा, पुठ्ठा आण आणि स्कार्फ." तोंडातून रक्त गळतंय, पायातले मोजे भिजलेत, आणि हिचे हात जराही थरथरत नव्हते. पुठ्ठा बांधून झाल्यावर मात्र ती तिथंच बर्फात आडवी झाली.

कुणीतरी शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला होता. गाडी लांबून दिसली तशी माझी मुलगी कानाशी आली. "आई, पाय घसरून पडले म्हणून सांग. नाहीतर हिला घेऊन जातील. एकदा पोलीस रेकॉर्ड झालं की मेडिकल संपलं."

दोन पोलीस उतरले. फुटलेली गाडी, फुटलेलं नाक, फुटलेला ओठ, आणि पुठ्ठ्यात हात घेतलेली म्हातारी. पाय घसरला म्हणायची सोयच कुठं होती? एक पोलीस मला एकटीला बाजूला घेऊन गेला, आणि माझं इंग्रजी कळेना तसा त्यानं फोन स्पीकरवर टाकून दुभाषी लावला. पलीकडून मराठीत आवाज आला, "नमस्कार आज्जी, मी तुमचं बोलणं साहेबांना सांगणार आहे. बिनधास्त सांगा." कुठली कोण पोरगी, पण मला रडू आलं.

मग मी सांगितलं. सगळं. मारलं ते मला नव्हतं, मी मध्ये गेले. बापानं थोबाडीत मारली तेही सांगितलं. बारावी, गॅरेजमधले पाहुणे, कुजबुजती आरती, स्वतःच्या तोंडात मारून घेणं. बारावी म्हणजे काय हे फोनवरच्या पोरीला त्या पोलिसाला समजावताना बराच वेळ लागला.

शेवटी त्यानं विचारलं आणि तिनं मला मराठीत सांगितलं, "आज्जी, ते विचारतायत, या घरात तुम्ही सुरक्षित आहात का?"

मी म्हटलं, "मी आहे. माझी नात नाही."

मग तिनं ते इंग्रजीत सांगितलं. जावई थोड्या अंतरावर नाकाला रुमाल लावून उभे होते. त्यांना ते दोनदा ऐकायला लागलं, आधी मराठीत, मग इंग्रजीत.

तिकडे नात आपणहून दुसऱ्या पोलिसाला सांगत होती, "इट वॉज मी. मी मारलं." त्यानं तिला बेड्या घातल्या नाहीत. खाली वाकून तिला विचारलं, स्वतःला संपवावंसं वाटतं का? ती म्हणाली, कधी कधी वाटतं सकाळी जाग येऊ नये. एकाच अँब्युलन्समधून आम्ही दोघी गेलो.

पुढे चौकशीचे फोन आले, सरकारी खात्याची एक बाई घरी येऊन सगळं बघून गेली, केस झाली नाही. माझा हात प्लास्टरमध्ये गेला. नात काही दिवस दवाखान्यात राहिली. जावई तिथल्या कॉरिडॉरमध्ये बसलेले असायचे, नाकावर पट्टी. एकदा मला म्हणाले, "आई, माझं काय चुकलं? माझ्या वडिलांनी असंच केलं होतं. मी घडलो ना?"

"अहो, तुमची बारावी मार्चमध्ये संपली होती," मी म्हटलं. "मग तुम्ही मित्रांबरोबर गोव्याला गेलात, तुमच्या आईनंच सांगितलंय मला. हिचा मार्च कधी?"

घरी आल्यावर ते खाली गेले आणि बेसमेंटमधला टीव्ही एकट्यानं उचलून वर आणायला लागले. जिन्यात अडकले, ओरडून माझ्या मुलीला बोलावलं. किती दिवसांनी त्या घरात कुणी ओरडलं होतं!

तिनं ते सेमिस्टर सोडलं. परीक्षा पुढे ढकलली. पहिले काही आठवडे नुसती झोपली आणि जेवली. आठवड्यातून एकदा समुपदेशनाला जायची, येताना कधी तोंड फुगवून यायची, कधी मला मिठी मारायची. बापलेकीची भांडणं मात्र आता रोज, आणि तोंडानं. परवा "तुम्ही मला मशीन समजलात" असं ती ओरडली, तर जावई ओरडले, "मशीनला सर्व्हिसिंग तरी करतो मी!" जावयांना स्वतःचं बोलणं कळायला जरा वेळ लागला.

तुमच्या घरी असं पोर असेल तर मी एवढंच म्हणेन, त्याला भांडू द्या. दमलो म्हणालं तर लगेच उपाय सांगू नका. आणि त्याला झोपू द्या हो, अभ्यास कुठं पळून जात नाही.

या थंडीत ती म्हणाली, इमर्जन्सीचं काम परत सुरू करतेय. माझं मनगट अजून गार वाऱ्यात ठणकतं. मी म्हटलं, "मुळीच नाही. तिथं मारतात."

थालीपीठ खात होती. "मारतात कधी कधी."

"मग बापासाठी जातेस का परत?"

"बाबांना डॉक्टर हवा असेल तर त्यांनी स्वतः व्हावं." मग घास गिळून म्हणाली, "आजी, माणूस आत येतो ना, तेव्हा नुसतं रक्त आणि आरडाओरडा. काहीच कळत नाही. मग डॉक्टर एकेक विचारत जातात आणि हळूहळू समजतं, नक्की कुठं लागलंय. मला ते विचारायचंय. झालं नाही तर नाही. पण मला करून बघायचंय."

जावई ओट्याशी उभे होते. परीक्षेचं काहीतरी त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं, मला दिसलं. त्यांनी चहाचा घोट घेतला.

मी तरी आणखी थोडं भांडले. तिनंही सोडलं नाही. शेवटी ती जॅकेट घालून दाराशी गेली तेव्हा मी म्हटलं, "जायचंय तर जा, पण कानातले काढून जा. ओढतात ते लोक."

तिनं काढले आणि माझ्या हातावर ठेवले.