चुळबुळ्याचा अंगठा

माझ्या डोक्यावर चुळबुळ्या राहतो. म्हणजे मी दुसऱ्या मजल्यावर आणि तो तिसऱ्यावर. पावलांच्या आवाजावरून मला त्याची तब्येत कळते. खिडकीपासून ओट्यापर्यंत नुसत्या फेऱ्या चालल्या असतील तर कामावर काहीतरी रखडलंय. फेऱ्या मध्येच थांबून खुर्ची सरकली तर लेकीचा फोन. खुर्ची सरकवूनही तो तिच्यावर बसलेला नसतो, हे मला वर न जाता ठाऊक असतं.

हे नाव त्याला माझ्या वर्गात पोरांनी ठेवलं आणि तो स्वतःच ते मिरवू लागला. तो बसला की बाक बोलायला लागायचा. त्याला मी फळा पुसायला लावायची, खडू आणायला पिटाळायची. तेवढाच वर्गाला आराम. एकदा हस्तकलेच्या तासाला लाकडाचा ठोकळा आणि पॉलिश पेपर त्याच्या हातात दिला, तर कोपऱ्यातून हूं की चूं नाही. पोरगा पळाला की काय म्हणून मी उठून बघायला गेले. तो जागेवरच होता. ठोकळा घासत होता आणि मधूनमधून डोळे मिटून त्यावरून बोट फिरवत होता.

आता त्याचे केस पिकलेत, आणि पोट चालतं ते त्याच बोटांवर. शहराबाहेर अंतराळयानं सोडण्याचा तळ आहे. यानाला वर नेणाऱ्या भल्यामोठ्या टाकीत भयंकर थंड इंधन भरतात. ते थंडच राहावं म्हणून टाकीला बाहेरून पिवळट फेसाचा जाड लेप असतो, शिळ्या पावासारखा. त्या लेपाची डागडुजी चुळबुळ्याकडे. खड्डा खरवडायचा, त्यात ओली, लगद्यासारखी लुकण भरायची, ती वाळली की पात्याने तासून सपाट करायची.

"आम्ही आभाळातले गवंडी, बाई," तो म्हणतो. "फक्त वास्तुशांतीला आम्हाला कोणी वर बोलवत नाही."

या कामाचा एक नियम आहे. भरलेली लुकण वाळेपर्यंत तिला कोणी बोटही लावायचं नाही. भोवती लाल फीत लावायची आणि लांब व्हायचं. "बाकी सगळं जमतं," तो एकदा मला म्हणाला होता, "हे काही न करण्याचं काम तेवढं जमत नाही."

यंदा यान बाहेर आणून उभं केलं होतं आणि उड्डाण तोंडावर आलं होतं. चुळबुळ्याने त्यानंतरची रजा मंजूर करून घेतली होती. त्याची एकुलती एक लेक दूरच्या शहरात असते. तिचे दिवस भरत आले होते. जावई मालवाहू बोटीवर, तो काही एवढ्यात परतणार नव्हता. सासू नाही, आणि चुळबुळ्याची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. "तुला दवाखान्यात नेईन तो मीच," असा शब्द त्याने लेकीला दिला होता. रजेचा हिशेब अगदी चोख बसत होता.

आणि भर दुपारी गारा कोसळल्या. छपरांवर कोणीतरी खडीचा ट्रक रिकामा करतोय असा आवाज. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. इमारतीतली सगळी मंडळी वाट्यांमध्ये गारा गोळा करत होती, आणि हा गॅलरीत उभा राहून आभाळाकडे हात करून ओरडत होता, "अहो, पुरे की आता! अहो!" आभाळालाही त्याने अहोजाहोच केलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आला तो तोंड पाडूनच. "देवी आलेल्या माणसासारखी झालीय टाकी. जिथे बोट ठेवावं तिथे खड्डा."

यान परत शेडमध्ये नेलं. उड्डाण पुढे गेलं आणि रजाही. त्याची सुपरवायझर मोजकं बोलणारी बाई. तळावर तिला सगळे सायलेन्सर म्हणतात. रजेचा विषय काढल्यावर ती एवढंच म्हणाली, "उड्डाण झाल्यावर." ते कधी, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मग माझ्या डोक्यावर जे चालणं सुरू झालं ते थांबेना. संध्याकाळी तो परांचीवरून उतरून घरी यायचा आणि घरात परांची बांधल्यासारखा फिरायचा. मी वर चहा घेऊन गेले तर कप या हातातून त्या हातात. लेकीचा फोन आला की तो स्पीकरवर टाकून चालत राहायचा.

"बाबा, आधी बसा. तुमच्या चपला मला इथे ऐकू येतायत."

"बसलोय."

"खोटं. आजीबाई, बसलेत का हो?"

मी म्हणाले, "खुर्चीला पाठ लावून उभा आहे."

ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, आता केव्हाही. मी पोटातल्याला सांगितलंय, आजोबांची टाकी लिंपून होऊ दे, मग ये. पण तुमच्याच वळणावर गेलं असेल तर कुठलं ऐकायला!"

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ ओट्याची कड बोटाने घासत राहिला.

अखेर एक दिवस शेवटचा खड्डा भरून झाला. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला तो घराची किल्ली घेऊन. खाली ठेवलेली बॅग दारातून दिसत होती. तपासनिसाने सगळं पास केलं होतं, यान परत बाहेर निघणार होतं, आणि सायलेन्सरने उड्डाणाची वाट न बघता रजेवर सही केली होती. पहाटेच्या बसचं तिकीट त्याच्या खिशात होतं.

"कुंड्यांना पाणी घाला, बाई. तुळतुळीत झालंय काम."

आनंद व्हायला हवा होता. पण तो किल्ली माझ्या हातात देईना. टेबलावर ठेवली, उचलली, परत ठेवली. खिडकीशी गेला, परत आला.

"काय झालं रे?"

"काही नाही." मग एकदम म्हणाला, "शेवटच्या खड्ड्याला मी अंगठा लावला."

लुकण भरून, फीत लावून तो बाजूला उभा होता. फोन बाहेर कपाटात, लेकीची काही खबर नाही. ही वाळणार कधी, आपण निघणार कधी, या विचारात नुसता जीव टांगणीला. वाळली असेल का, एवढंच बघायचं म्हणून त्याने फितीच्या आत हात घातला. वाळली नव्हती. अंगठ्याचा ठसा उमटला, चांगला खोल. त्याने झटकन थोडी ताजी लुकण त्यात दाबली आणि वेळ झाल्यावर तासून सगळं सपाट करून टाकलं. तपासनिसाने हात फिरवून पाहिला. काहीच लागलं नाही.

"मग?" मी विचारलं.

"अर्धवट वाळलेल्यावर ओला थर धरत नाही, बाई. धरलाही असेल. पण नसेल धरला तर उडताना ती खपली सुटणार आणि यानावर आदळणार. आत माणसं असतात."

"हे मला कशाला सांगतोस? मी काय परांचीवर चढून बघणार आहे?"

तो पुन्हा खिडकीशी गेला. खाली कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तिची घरघर ऐकत गजावर बोटं वाजवू लागला. मी किल्ली उचलून त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली, बॅगही उचलली आणि जिना उतरला. कुठे चाललाय ते मी विचारलं नाही. बस तर पहाटेची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा. डोळे तांबारलेले.

"रात्रीच तो खड्डा उकरला. निम्मी खपली नुसत्या पात्याच्या टोकाने हातात आली." तो दाराची कडी खालीवर करत होता. "उड्डाण परत पुढे गेलं. सगळ्यांच्या रजा लांबल्या माझ्यामुळे. कोणी माझ्याशी बोलत नाही. परांचीवरच्या माझ्या जोडीदाराने तर माझा डबा उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवला."

"आणि सायलेन्सर?"

"ती बोलली. तेच तर वाईट झालं. म्हणाली, 'सांगितलंत हे बरं केलंत. पण हे यान वर जाईपर्यंत तुम्ही शेडमध्ये पाऊल ठेवायचं नाही. तुमची चुळबुळ दुसरीकडे कुठेतरी घेऊन जा.' एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. भर सगळ्यांसमोर, बाई! इतकी वर्षं झाली, मला कोणी परांचीवरून उतरवलं नव्हतं."

तो माझ्या एवढ्याशा खोलीत फेऱ्या मारू लागला. बोलत होता ते सगळं टाकीबद्दल. आता ती लुकण कोण भरणार, जोडीदाराचा हात जड आहे, त्याला कड साधत नाही.

"अरे," मी म्हणाले, "मग तू इथे काय करतोयस?"

"म्हणजे?"

"तुला शेडमध्ये जायला बंदी आहे ना? मग?"

तो जागच्या जागी थांबला. तो असा थांबलेला मी हस्तकलेच्या त्या तासानंतर पहिल्यांदाच पाहिला. मग खिसे चाचपू लागला. पहाटेची बस केव्हाच गेली होती. "दुपारची एक असते," असं जिन्यातूनच ओरडला. किल्ली माझ्याकडे द्यायची राहिली ती राहिलीच. कुंड्या बिचाऱ्या वाळल्या.

तो पोचला त्याच रात्री लेकीला दवाखान्यात न्यावं लागलं. नेलं त्यानेच. मुलगी झाली.

पुढे उड्डाणाचा दिवस ठरला तेव्हा मी गच्चीवर गेले. तळाच्या दिशेला यान उभ्या पेन्सिलीएवढं दिसतं. माणसं जमली होती, आणि वर ढगही जमू लागले होते. तेवढ्यात त्याचा फोन आला, अगदी दबक्या आवाजात.

"बाई, आभाळ कसं आहे?"

"ढग आलेत."

"काळे?"

"अजून पांढरे आहेत. तू असा कुजबुजतोस का?"

"नात झोपलीय हातावर. हाताला मुंग्या आल्यात, पण हलवत नाही. माझ्या जोडीदाराने तो खड्डा नीट भरला असेल ना?"

"भरला असेल रे."

"तपासनिसाने..."

"अरे, असेल."

ढग सरकत होते, यान तसंच उभं होतं, आणि फोनमधून एकसारखं टकटक, टकटक ऐकू येत होतं.

"काय वाजतंय रे तिकडे?"

"पाय आहे, बाई," तो म्हणाला. "हात धरून ठेवलाय. पायाचं काय करू?"