चि. सौ. कां.

डोंबिवलीत मराठी शिकवता शिकवता मला एक खोड लागली आहे. नावाआधीचं टिंब चुकलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. ‘श्री’पुढे टिंब हवं, कारण ते श्रीयुतचं छोटं रूप. ‘सौ’पुढेही हवं. ‘श्रीमती’पुढे मात्र नको, तो अख्खा शब्द आहे. आमच्या सोसायटीच्या फलकावर आईच्या नावाआधी कितीतरी दिवस ‘श्रीमती.’ होतं, शेवटी मीच स्टुलावर चढून ते टिंब खरवडलं.

तर या आईचं लग्न ठरलं. हो, आईचंच. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. कळव्याचे एक काका, तेही एकटेच, तिच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांचं आणि तिचं छान जमलं. मला इतका आनंद झालेला की आठवडाभर मी वर्गात कुणावर ओरडले नाही.

रजिस्टर लग्न, मग नौपाड्यात साधं जेवण, एवढाच बेत होता. पत्रिका लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे. काकांचं ‘श्री.’ चटकन झालं आणि आईच्या नावापाशी माझं पेन अडलं. श्रीमती लिहावं, तर वाचणाऱ्याला आधी बाबा गेलेले आठवणार. सौ. लिहावं, तर लग्न अजून व्हायचंय.

“मग नुसतं नाव लिहू?” मी विचारलं.

“नुसतं? शाळेची हजेरी घेतेयस का?” आई म्हणाली. मग अगदी शांतपणे, “बघ, माझ्यासाठी साधा शब्दसुद्धा नाही. म्हणजे हे करायचंच नसतं. काकांना नाही म्हणून कळवते मी.”

ती थट्टा करत नव्हती. लग्नासाठी काढलेली साडी तिने परत कपाटात ठेवली. मी कल्याणला मावशीला फोन लावला. मावशी आईची थोरली बहीण, तोंडाने फटकळ. संध्याकाळी रिक्षा करून आली ती चपला काढता काढताच म्हणाली, “चि. सौ. कां. लिही. नवरीला तेच लिहितात.”

“अगं मावशी, ते मोठ्यांनी लहानांसाठी लिहायचं असतं.”

“मग मी कोण आहे? हिच्या वेण्या घातल्यात मी. पत्रिका माझ्या नावाने काढ, मी बोलावते सगळ्यांना.”

यात मलाही चूक काढता येईना.

“या वयात चिरंजीव? लोक हसतील,” आई म्हणाली.

“हसू देत. हसत हसत जेवतील.”

आईने माझ्या हातातला कागद घेतला आणि चष्मा लावला. “चि. कळलं, सौ. कळलं. हे कां. म्हणजे काय गं? माझ्या पहिल्या पत्रिकेवरपण होतं.”

“सौभाग्यकांक्षिणी,” मी वर्गात सांगते तसं सांगितलं. “कांक्षा म्हणजे इच्छा. सौभाग्याची इच्छा आहे जिला, ती.”

आईने त्या ‘कां.’वर बोट ठेवलं.

“तुझे बाबा चांगले निघाले, ते माझं नशीब,” आई म्हणाली. “पण तेव्हा इच्छा आहे का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. आता आहे. दे छापायला.”