भवानीआधीचा बर्फ

बर्फातल्या मासळीचा वास आला की मला आगाशीच्या बाजारातला तो रविवार आठवतो: सकाळचे आठ, बरोबर फक्त नणंद. कॅन्सरमुळे माझं गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढून सात आठवडे झाले होते. इतर बायकांची पाळी रेंगाळत जाते, माझी एका दिवसात गेली होती, आणि रोज दहा-अकरा वेळा छातीपासून कानांपर्यंत आग उसळायची. त्या दिवशीची तिसरी नेमकी कोळणीच्या टोपलीसमोर उसळली. ब्लाउज घामानं भिजला, तसा मी पदर कमरेला खोचला. "वहिनी, लोक बघतायत. बरं वाटेपर्यंत बाहेर नको म्हटलं होतं ना," नणंद कुजबुजली. "डॉक्टर म्हणतात, हे काही वर्षं चालेल. तेवढी वर्षं घरात बसू?" असं म्हणून मी कोळणीकडे बर्फाचा तुकडा मागितला. "देते गो बाय, पन भवानी नाय झाली अजून. पयल्या गिऱ्हाइकाला फुकट कसा देऊ? पापलेट घे." तिनं बसायला रिकामा खोका सरकवला. भर बाजारात मानेवर बर्फ धरून मी बसले आणि पाठीवरून पाणी ओघळत असताना पाचशेच्या वाट्याचा भाव खाली आणत राहिले. "अंगात आग लागलीय, तरी घासाघीस सोडत नाय ही," ती शेजारणीला म्हणाली आणि दोघी हसल्या, मीही हसले. नणंद तीन टोपल्या पलीकडे जाऊन उभी होती. आता आगीचा रोजचा आकडा चारवर आलाय आणि बाजार एकदाही चुकवलेला नाही. त्या दिवशी कोळणीला चारशे वीस दिले. बर्फाचे तिनं घेतले नाहीत.