आइलीआजींची घंटा

वायरी ओढण्यात तीस वर्षं घालवलेला वेइक्को तोरविनेन वृद्धाश्रमात कॉफीला आला आणि भिंतीवरच्या पेटीचा शेवटचा दिवा विझलेला बघून थिजला. नेटवर्कच्या केबलमधूनच वीज पुरवणारी ही पेटी त्यानंच बसवलेली. थंडीनं बाहेरच्या कॅमेऱ्यांचे हीटर चालू झाले होते आणि भार झेपेना म्हणून पेटीनं तिच्या नियमाप्रमाणे शेवटच्या क्रमांकाची जोडणी आधी तोडली होती: आइलीआजींच्या खोलीतल्या, दोरी ओढून वाजवायच्या मदतीच्या घंटेची. पहिली जोडणी कॉफीखोलीतल्या स्क्रीनची. कॉफी तिथं मिळते, म्हणून पठ्ठ्यानं कामही तिथूनच सुरू केलेलं.

“सिर्क्का, आजींकडे धाव!”

नर्स धावली. त्यानं स्क्रीनची केबल उपटली. घंटा लगेच किंचाळली. म्हणजे आजी केव्हाच्या दोरी ओढत होत्या.

“पडल्यात!” सिर्क्का आतून ओरडली. “पण शुद्धीवर आहेत. तुला शिव्या घालताहेत!”

“घालू देत,” वेइक्को म्हणाला. “थांबवू नकोस त्यांना.”