नळी देवापुढे ठेवली तेव्हा

आमच्या घरात काहीही नवं आलं की ते आधी देवापुढे जातं. पहिला पगार, स्कूटरची किल्ली, मुलाचं प्रगतिपुस्तक, एकदा तर चक्क मिक्सर. सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. मीरा रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या त्या ही पद्धत आणि गाऱ्हाणं घेऊनच. त्या देवाला एकेक मागणं सांगणार आणि आम्ही मागे उभं राहून दर वेळी ‘होय महाराजा’ म्हणणार. ते लवकर संपत नाही. मधे कोणी बोललं तर पहिल्यापासून सुरू होतं.

त्या वर्षी गणपती तोंडावर आले आणि सासूबाईंना ताप भरला. डॉक्टर म्हणाले, प्लेटलेट्स ठीक असतील तर गावाला जा, कमी असतील तर ॲडमिट. सासूबाईंनी तापापेक्षा या वाक्याचाच धसका घेतला. गावचा गणपती त्यांनी आजवर चुकवला नव्हता.

लॅबची मुलगी घरी आली. सासूबाईंची शीर बारीक, रक्त येता येईना. अखेर नळी भरली. मुलीने सुई काढून कापूस दाबला आणि पट्टी शोधायला बॅगेत हात घातला. तेवढ्यात सासूबाईंनी मोकळ्या हाताने नळी उचलली आणि देव्हाऱ्याकडे निघाल्या.

“आजी, ती द्या ना, हलवायला लागते!”

“थांब बाय, आधी देवाला दाखवू दे.”

नळी तांदळाच्या वाटीत उभी खोचली गेली आणि गाऱ्हाणं सुरू झालं. मुलगी पुन्हा तोंड उघडणार, तर मी डोळे वटारले.

संध्याकाळी लॅबचा फोन आला, सॅम्पल गोठलंय, परत द्यावं लागेल. सासूबाईंचा चेहरा पडला. “रगत गोठलं? म्हणजे आता मी गावाला जात नाय?” मला त्यांची इतकी दया आली की सगळा राग लॅबवर निघाला.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली तेव्हाही मी फणकाऱ्यातच होते. ती हसली. “काकी, या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. लगेच हळूहळू उलटसुलट केलं तरच ते मिसळतं. काल ती उभीच होती ना! मग गाठ होते, प्लेटलेट्स तिच्यात अडकतात आणि मशीनला कमी दिसतात.”

माझा फणकारा तिथेच विरघळला. सासूबाईंच्या जिवात जीव आला, पण गाऱ्हाणं सोडायला त्या तयार नव्हत्या. शेवटी तह झाला. गाऱ्हाणं होईल, नळी मुलीच्या हातातच राहील.

“बा देवा महाराजा, पोराबाळांना सुखी ठेव.” नळी उलटी झाली. “होय महाराजा!” नळी सरळ झाली. “ही बाय दारोदार हिंडते, तिच्या हाताला यश दे.” यावर सगळ्यांत मोठा ‘होय महाराजा’ त्या मुलीचाच होता.

रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. प्लेटलेट्स ठीक होत्या. ताप उतरला तशी डॉक्टरांनीही परवानगी दिली. निघायच्या दिवशी बॅगा दारात होत्या, मी सगळ्यांच्या मागे घाई लावली होती, आणि सासूबाईंनी हात पुढे केला.

“तो रिपोर्ट आण. मोबाइल गोठत नाय ना?”

“नाही, आई.”

“मग ठेव देवापुढं.”

गाऱ्हाणं अर्ध्यावर आलं आणि तांदळाच्या वाटीशेजारी मोबाइल वाजू लागला. टॅक्सीवाला खाली येऊन थांबला होता. मी हात जोडलेलेच ठेवले आणि मोठ्याने म्हटलं, “होय महाराजा!”