नापास होण्याचं गाऱ्हाणं

घाटकोपरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. पेपर तपासून तपासून डोकं उठलेलं असायचं आणि नापास मुलांबद्दल मला काडीची दया नव्हती. त्यांतलाच एक इराणी मुलगा आमच्या चाळीत, शेजारच्या मालवणी मावशींकडे खोली घेऊन राहायचा. वर्गातली पोरं त्याला 'बनमस्का' म्हणायची आणि तोही हसायचा.

प्रॅक्टिकलला त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर, पण परीक्षेत अर्धा पेपर कोरा. शेवटच्या वर्षाला दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा मी त्याला लॅबमध्ये थांबवून चांगलाच झापला. "बापाच्या पैशाची काही चाड आहे की नाही रे तुला?"

चाळीतल्या पोरांकडून उचललेल्या मराठीत तो म्हणाला, "सर, बापच सांगतो नापास हो. पास झालो की वाट लागली. शिकतो तोपर्यंत फौजेतून सूट आहे. डिग्री मिळाली की घरी, आणि घरी गेलो की सीधा बॉर्डरवर. भाऊ गेला ना, परत नाय आला."

त्यांची आणि इराकची लढाई तेव्हा वर्षानुवर्षं चालली होती. आमच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी यायच्या, त्याही मी वाचत नसे. मी त्याला जा म्हटलं आणि तिथेच स्टुलावर बसून राहिलो.

मावशींना हे आधीपासून ठाऊक होतं. चाळीतल्या इतर आया पोरं पास व्हावीत म्हणून नवस बोलायच्या. मावशी परीक्षेच्या आदल्या दिवशी गॅलरीत नारळ ठेवून खणखणीत गाऱ्हाणं घालायच्या, "बा देवा म्हाराजा, ह्यो परमुलखातलो झील माझ्या घरात ऱ्हवता. तेका औंदा पण नापास कर आणि हयसरच ठेव रे म्हाराजा!" शेजारीपाजारी म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" मला ती थट्टा वाटायची. आता कळलं.

पण आमच्या प्राचार्यांना निकालाची टक्केवारी जिवापेक्षा प्यारी. "हे कॉलेज आहे की धर्मशाळा?" ते म्हणाले. "यंदा पास नाही झाला तर पुन्हा प्रवेश नाही." मी त्यांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता, माझ्यासारखाच.

"अहो, लढाई थांबवणं आपल्या हातात आहे का?"

"नाही. पण एक बाक आहे ना, सर."

"एकाला दिला की उद्या दहा येतील," म्हणत त्यांनी पुढची फाईल ओढली.

प्रवेश गेला की व्हिसाही जाणार. मग पास झाल्यावर तरी त्याला एम.एस्सी.ला कुठे जागा मिळेल का म्हणून मी चपला झिजवल्या. सगळीकडे एकच उत्तर: इतक्या वेळा नापास झालेल्याला कोण घेणार? ज्याने इतकी वर्षं वाचवलं तेच आता आडवं आलं. मला भयंकर राग आला, आणि रागवायला समोर कोणी नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मावशींनी नेहमीसारखा नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा," म्हणाल्या आणि थांबल्या. पास कर म्हणावं तरी तो जाणार, नापास कर म्हणावं तरी जाणार. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणायला ताटकळलेले. बऱ्याच वेळाने त्या पुटपुटल्या, "तेका पेपर बरो जांवदे." आम्ही कसंबसं "व्हय म्हाराजा" म्हटलं.

त्याने या खेपेला सगळा पेपर लिहिला. फर्स्ट क्लास आला. आपली रीत त्याला माहीत होती, म्हणून स्टाफरूममध्ये पेढे घेऊन आला. प्राचार्यांनी त्याची पाठ थोपटली.

तो पुडा धरून माझ्यासमोर उभा राहिला.

"घ्या ना, सर," तो म्हणाला. "मावशीने नाय घेतला."