पट्ट्याला पाजलेलं तेल

दुष्काळाशी झुंजायला गावाजवळ धैर्य, एकी आणि शिष्टमंडळ या तीन गोष्टी असाव्या लागतात. पहिल्या दोन आमच्याकडे कितपत होत्या ते सांगता येणार नाही. शिष्टमंडळ मात्र होते.

बहात्तर साल. आमचे गाव खर्ड्याच्या बाजूचे. बाजरी वीतभर उगवून करपली होती, विहिरींत वाकून पाहिले की तळाचा दगड दिसायचा, आणि खडी फोडायचे सरकारी काम अजून आमच्याकडे निघाले नव्हते. अशी कामे मंजूर करणारे साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नगरला बसणार होते. त्यानंतर थेट दिवाळी झाल्यावर. निम्मे गाव त्या एका दिवसासाठी थांबले होते. काम निघाले तर राहायचे, नाही तर बायकापोरे घेऊन गोदावरीकडे ऊस तोडायला जायचे.

शिष्टमंडळात सरपंच होते, बोलायला म्हणून शाळामास्तर मी होतो, आणि एक भूमिहीन मजूर होता. त्याला सरपंचांनी पुरावा म्हणून घेतले होते. तो मुळातच हडकुळा. दुष्काळाने त्याच्यात फारसा फरक पडलेला नव्हता, पण हे साहेबांना कळायचे कारण नव्हते. फाटकी बंडी घालून ये, असे त्याला बजावले होते. तो मेव्हण्याचा इस्त्रीचा सदरा मागून घालून आला. साहेबापुढे जायचे तर नीट जावे, असे त्याचे म्हणणे. त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला ऊसतोडीला नेता येत नव्हते, मागे ठेवता येत नव्हते. म्हणून काम गावातच निघायला हवे, एवढाच त्याचा मुद्दा होता. मी पाठ केलेल्या भाषणात तो नव्हता.

एस्टीने वेळेत पोचलो असतो. पण एस्टीतून उतरलेल्या माणसाला शिपाईच परत लावतो आणि मोटारीतून उतरलेल्याला खुर्ची मिळते, असा सरपंचांचा सिद्धांत होता. म्हणून गावच्या इनामदारांची जुनी मोटार मागून आणली. ती चालवणारा मूळचा इनामदारांचा गाडीवान. बैल विकले तेव्हा मालकांनी त्याला मोटारीवर बसवले. मोटारीला कालच्या पूजेचे हळदीकुंकू तसेच होते. झेंडूला पाणी नव्हते, म्हणून नुसतीच आपट्याची डहाळी बांधलेली.

जामखेड मागे पडले आणि पुढच्या झाकणातून वाफ यायला लागली. झाकण उघडून पाहिले तर इंजिन चालू, पण रेडिएटरमागचा पंखा जेमतेम हलत होता. मोटारीत हा पंखा एका रबरी पट्ट्यावर फिरतो, एवढे मला ठाऊक होते. पट्टा तुटला असेल म्हणून पाहिले, तर तो जागच्या जागी होता. नुसता घसरत होता. इंजिन बंद करायला लावून मी त्याला हात लावला. बोटे तेलकट झाली. वास घेतला. शेंगदाण्याचे गोडेतेल होते.

मी गाडीवानाकडे पाहिले.

“पाजलंय की, खांडेनवमीला,” तो म्हणाला. “लई कुरकुरत हुतं गुरुजी. गप केलं.”

आयुष्यभर त्याने बैलगाडीच्या आसाला वंगण घातले होते. फिरणारी वस्तू ओरडली की तिला तेल हवे असते, हे त्याचे शास्त्र. पट्ट्याने पकडून धरायचे असते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. आम्ही पट्ट्याला माती चोळली. पंखा थोडा फिरला आणि पुन्हा रेंगाळला. पट्टा ताणायला हवा होता, त्यासाठी पाना हवा होता. पाने खांडेनवमीला पूजेत मांडलेले, ते देवघरात पाटावरच राहिले होते.

बरोबरचे डबाभर पाणी रेडिएटरने पिऊन टाकले. रस्त्याने एक बाई हंडा घेऊन चालली होती. सरपंचांनी तिच्याकडे तांब्याभर पाणी मागितले.

“मानसाला न्हाई,” ती चालता चालताच म्हणाली, “आन् मोटारीला कुठलं?”

थोड्या वेळाने मागून एस्टी आली. आम्हाला पाहून वेग कमी केला. कंडक्टरने डोके बाहेर काढून विचारले, गाडी बिघडली का? सरपंचांनी टोपी नीट केली आणि सांगितले, बिघडली नाही, जरा गरम झाली आहे. मजूर तोवर एस्टीच्या दारापाशी पोचला होता.

“आन्ना, मी जाऊ का फुडं? सायबाला सांगतो, येत्यात म्हून.”

“तू काय सांगनार? तू बोलायचं न्हाई,” सरपंच म्हणाले. “तू नुसतं दिसायचं.”

एस्टी गेली. तिची धूळ आमच्या अंगावर बसली. मजुराने सदऱ्याची बाही झटकली.

पुढचा सगळा प्रवास मैलभर चालायचे आणि गार व्हायला थांबायचे, असा झाला. नगरला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मोटार पाहून कचेरीचा शिपाई उठून उभा राहिला आणि त्याने सरपंचांना खरोखरच खुर्ची दिली. मग साहेब निघून गेल्याचे सांगितले. शेजारच्या गावची माणसे दुपारी येऊन काम मंजूर करून घेऊन गेली होती. ती एस्टीने आली होती का, हे सरपंचांनी विचारले नाही.

मजूर आठवडाभर थांबला. शेजारगावच्या कामावर जाऊन आला, तिथे त्या गावच्याच लोकांना घेत होते. मग त्याने सदरा मेव्हण्याला परत दिला आणि टोळीबरोबर निघाला. आईला गाडीत भांडी आणि कोयत्यांच्या मधे गोधडीवर निजवले होते. दाराला त्याने बाभळीच्या फांद्या लावल्या. त्या आठवड्यात तशी बरीच दारे झाली.

दिवाळी झाल्यावर सरपंच आणि मी एस्टीने नगरला गेलो. वेळेआधी पोचलो. शिपायाने अडवले नाही. साहेबांनी माझे भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि कामावर किती माणसे येतील, एवढेच विचारले. सरपंच बोटांवर मोजू लागले आणि दुसऱ्या हाताशी येण्याआधीच थांबले. ठरावीक संख्येने मजूर असल्याशिवाय काम काढता येत नसे. साहेबांनी आमच्या अर्जावर शेरा मारला: गावात मजूर उपलब्ध नाहीत.